वाचकांचे प्रश्न : नेम, नाम आणि रोजचे काम

गेल्या अंकात आम्ही घरच्या घरी सांभाळता येईल अशा नित्यनेमाविषयी लिहिले होते. थोडा हरिपाठ, थोडे नाम, एका ओवीचे चिंतन आणि रात्री दिवसाकडे एकदा मागे वळून पाहणे, एवढाच तो नेम. त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकांची अडचण श्रद्धेची नाही, वेळेची आणि रीतीची आहे. म्हणून या वेळी रीतच सांगतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावे छापलेली नाहीत.

पहाटे पाचला उठते. दोन डबे, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे, मग माझी नोकरी. चातुर्मासात रोज पूर्ण हरिपाठ म्हणायचे ठरवते आणि श्रावण सरायच्या आत तो सुटतो. मग मनाला लागून राहते. काय करू? (मिरज)

ताई, आधी वेळेचा हिशेब मांडू. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग २७. काही प्रतींत शेवटचा फलश्रुतीचा धरून २८. एकट्याने, घाई न करता वाचायला वीस मिनिटे लागतात. प्रत्येक अभंगामागे ध्रुपद, म्हणजे पालुपद, घेऊन टाळांवर म्हटला, तर पाऊण तास सहज जातो. तुमच्या सकाळीत सलग वीस मिनिटे नाहीतच. तेव्हा हरिपाठ सुटतो तो भाव कमी पडतो म्हणून नव्हे, माप चुकते म्हणून.

नेम मोडण्याची वाटही ठरलेली असते. पहिला आठवडा उत्साहाचा. दुसऱ्यात पाहुणे येतात, एक दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी आपण कालचा आणि आजचा असे दोन्ही हरिपाठ एकदम म्हणायला बसतो, चाळीस मिनिटे जातात, डबे उशिरा होतात, घरात कुरबुर होते. तिसऱ्या दिवशी पुस्तक कोनाड्यातच राहते. म्हणून पहिला नियम असा : नेमाची थकबाकी ठेवायची नाही. काल चुकला तो चुकला, आज आजचाच म्हणायचा.

तुमच्यासाठी दहा मिनिटांचा नेम पुरे. दिवेलागणीला दिवा लावल्यावर अर्धा मिनिट नुसते उभे राहा. हरिपाठाचा पहिलाच अभंग ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’ म्हणतो, तास दोन तास मागत नाही. मग दोन अभंग, दोन मिनिटे. मग ‘राम कृष्ण हरी’ची एक माळ, चार मिनिटे. उरलेल्या वेळात एक ओवी, तिच्याविषयी पुढे सांगितले आहे. रोज दोन अभंग म्हटले की चौदा दिवसांत हरिपाठ पुरा होतो, म्हणजे साधारण एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंत एक आवर्तन. नेम घड्याळाला बांधू नका, दिव्याला बांधा. सात वाजता म्हणायचे ठरवले की सात वाजून गेल्यावर आज राहू दे असे वाटते. दिवा मात्र उशिरा का होईना, लागतोच.

हरिपाठ तोंडी असेल तर अर्धी अडचण मिटते. आठवड्याला एक अभंग धरा. पहिले दोन दिवस पुस्तकात पाहून मोठ्याने तीन-तीन वेळा. पुढचे तीन दिवस ओळीचा पहिला शब्द पाहायचा आणि उरलेली ओळ न पाहता म्हणायची. शेवटचे दोन दिवस पुस्तक मिटून. आषाढीला सुरुवात केली तर पौषाच्या आसपास सगळा हरिपाठ मुखोद्गत होतो. घसरायला होते ते एका ठरावीक जागी : बहुतेक अभंगांचा शेवटचा चरण ‘ज्ञानदेव’ किंवा ‘ज्ञानदेवा’ने सुरू होतो, त्यामुळे जीभ एका अभंगातून भलत्याच अभंगात शिरते आणि मधले चार-पाच राहून जातात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक अभंगाचा शेवटचा चरण आणि पुढच्याचा पहिला चरण अशी जोडी वेगळी पाठ करायची, साखळीच्या कड्यांसारखी.

आता कामाविषयी. जनाबाईंनी ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ म्हटले, पण त्यावरून सगळ्याच कामांत देव आठवायचा असे एकदम ठरवू नका, काहीच साधणार नाही. दिवसातले एकच काम निवडा, हात गुंतलेले आणि मन मोकळे असे. पोळ्या, भांडी, भाजी निवडणे चालेल; मुलाचा अभ्यास घेणे किंवा घरखर्च लिहिणे नको, तिथे लक्ष त्या कामातच हवे. समजा मेथी निवडायची आहे. जुडीचा दोरा सोडताना एकदा नाम घ्या. मग निवडताना घाईने ओरबाडू नका. पिवळे पान बाजूला, कोवळा देठ राहू द्या, मूठभर झाली की नाम. शेवटी पाने पाण्यात टाकली की माती तळाशी बसायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ हात रिकामे असतात. तिथे एक अभंग बरोबर बसतो. महिनाभर फक्त ही मेथी, ही भांडी. दुसरे काम आपोआप जोडले जाते, मुद्दाम जोडायला लागत नाही.

रोज डोंबिवलीहून ठाण्याला कामाला जातो. गाडीत पायात बूट, कमरेला चामड्याचा पट्टा. असे असताना नाम घ्यावे का? आणि गर्दीत माळ कशी ओढायची? (डोंबिवली)

घ्यावे. ‘काळ वेळ नाम उच्चारिता नाही’ हे हरिपाठातलेच वचन आहे, आणि बूट-पट्ट्याची अट त्यात कुठे नाही.

माळ मात्र गर्दीत काढू नका. बॅगेच्या पट्ट्यात अडकते, दोरा तुटतो, मणी पायाखाली जातात आणि मन तासभर त्या मण्यांतच राहते. बोटांची पेरे वापरा. अंगठा सोडून चार बोटांची प्रत्येकी तीन पेरे म्हणजे १२, आणि १२ चे नऊ फेरे म्हणजे १०८. फेरे मोजायला दुसरा हात लागतो, तो तर वरच्या कडीला असतो. मग मोजूच नका. स्लो गाडीत कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशी स्थानके येतातच. दिव्यापासून मुंब्र्यापर्यंत नाम, मुंब्रा ते कळवा नुसते गप्प राहायचे, पुन्हा कळव्यापासून नाम. मधली ती शांतता वाया जात नाही. जिभेने घेतलेले नाम त्या वेळात आत उतरते.

दारात उभे असाल तर डोळे मिटू नका. स्कूटर चालवताना नाम जिभेवर राहिले तर राहू द्या, पण लक्ष रस्त्यावरच हवे. डब्यात भजनी मंडळ असेल तर जरूर बसा. टाळ थोडे हळू वाजवा, रात्रपाळी करून आलेला कुणी कोपऱ्यात डोळा लावून बसलेला असतो, त्याच्यातही तोच आहे.

माळ संपते तेव्हा लक्षात येते की मी अख्खा वेळ गॅसच्या नोंदणीचा आणि जावयाच्या बदलीचा विचार करत होतो. अशा नामाचा उपयोग काय? (अमरावती)

उपयोग आहे. मन भरकटल्याचे ध्यानात आले, हेच त्या माळेने दिले. माळ नसती तर तेही कळले नसते.

पण सुधारता येईल असे बरेच आहे. आधी वेग पाहा. ‘राम कृष्ण हरी’ १०८ वेळा स्पष्ट म्हणायला चार मिनिटे लागतात. तुमची माळ दीड-दोन मिनिटांत होत असेल तर अक्षरे गिळली जात आहेत, आणि गिळलेल्या अक्षरांवर मन ठरत नाही, ते लगेच दुसरे काहीतरी धरते. दुसरे, मनातल्या मनात जप करत असाल तर काही महिने तो थांबवा. वाचिक, उपांशु आणि मानस अशा जपाच्या तीन पायऱ्या आहेत : ऐकू येईल असा, फक्त ओठ हलतील असा आणि मनातला. बहुतेक जण तिसरीपासून सुरू करतात, कारण ती श्रेष्ठ म्हटली आहे. पण ती शेवटची आहे म्हणून श्रेष्ठ आहे. मोठ्याने म्हणा आणि आपल्याच आवाजाकडे कान द्या. जीभ आणि कान दोन्ही एका कामाला लागले की मनाला पळायला वाट कमी उरते.

माळेचे चार भाग करा, २७ मण्यांचा एक. प्रत्येक सत्ताविसाव्या मण्याला रंगीत धाग्याची सैलशी गाठ बांधली तरी चालते. तिथे आले की एक पूर्ण श्वास थांबा, मग पुढे. भरकटलेले मन १०८ मण्यांनंतर सापडण्याऐवजी २७ मण्यांत सापडते. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढायची, तर्जनी लावायची नाही, आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, आला की तो न ओलांडता माळ फिरवून घ्यायची, हे आपण जाणताच.

आणि येणाऱ्या विचारांचे काय? ते दोन प्रकारचे असतात. कामाचा असेल, गॅसच्या नोंदणीसारखा, तर जवळ कागद-पेन्सिल ठेवा. एक शब्द लिहा आणि परत या. लिहिलेला विचार सहसा पुन्हा त्रास देत नाही. माणसाचा असेल, जावयांसारखा, तर त्याला हाकलू नका. एकदा त्यांचे नाव घ्या, ‘पांडुरंगा, यांना सांभाळ’ म्हणा, आणि पुढच्या मण्यावर या. ज्या काळजीने जप मोडत होता, तिचीच प्रार्थना होते. हे करून पाहा. एकाच माळेत चार-पाच जणांसाठी मागणे होते आणि माळ पूर्वीपेक्षा शांत जाते. जेवणानंतर लगेच बसत असाल तर तेवढे बदला, ती झोप असते, भरकटणे नव्हे.

विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. ‘एक तरी ओवी अनुभवावी’ हे ऐकून ज्ञानेश्वरी आणली. रोज दहा पाने वाचते आणि बंद केली की काही आठवत नाही. चिंतन म्हणजे नेमके करायचे काय? (छत्रपती संभाजीनगर)

नामदेवरायांनी त्या चरणात ‘वाचावी’ म्हटलेले नाही, ‘अनुभवावी’ म्हटले आहे, आणि संख्याही दिली आहे : एक. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या आहेत. रोज एक धरली तर जवळजवळ पंचवीस वर्षांचा सोबती होतो हा ग्रंथ. दहा पानांची घाई कशाला?

सुरुवात बाराव्या अध्यायापासून करा. भक्तियोगाचा हा अध्याय २४७ ओव्यांचा आहे, आठ महिने पुरतो. पहिल्या अध्यायापासून सुरू केलेले वाचक पुष्कळदा पुढच्या तत्त्वविचारात अडखळतात आणि ग्रंथ अवघड म्हणून ठेवून देतात. सार्थ प्रत घ्या, पण अर्थ आधी वाचू नका. आधी ओवी मोठ्याने दोनदा म्हणा. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. मग अर्थ पाहा. मग पुस्तक मिटून तीच गोष्ट तुमच्या रोजच्या बोलीत एका वाक्यात सांगा. ते वाक्य सापडले नाही तर उद्या पुन्हा तीच ओवी, पुढे जायचे नाही.

एक ओवी धरून दाखवतो. अठराव्या अध्यायातली आहे :

तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा । तोषालागी ॥

‘वीरा’ म्हणजे अर्जुना, आणि ‘तोषालागी’ म्हणजे संतोषासाठी. सगळ्यांच्या आत असलेल्या त्या ईश्वराची आपल्या कर्माच्या फुलांनी पूजा केली की तो अपार संतोषतो. रोजच्या बोलीत : मी करते ते काम हेच त्याला वाहायचे फूल. इथपर्यंत सगळेच येतात. चिंतन याच्या पुढे सुरू होते, एकेका शब्दाशी थांबून.

‘कुसुम’ घ्या. फूल म्हणजे काय हे घरात रोज दिसते. ते सकाळी खुडतो, संध्याकाळी ते मलूल होते, म्हणजे आजचे फूल आजच वाहायचे. मग प्रयोगवहीतली आकृती ‘नंतर नीट काढू’ म्हणून ठेवली, ती कोणते फूल झाली? आणखी थोडे थांबा. परडीत फूल घालण्याआधी आपण काय करतो? किडलेली पाकळी पाहतो, कळीत मुंगी असेल तर झटकतो. आपले लिहिलेले पुन्हा एकदा वाचून चूक दुरुस्त करणे हे तेच. आणि एक गोष्ट आजीने प्रत्येकाला सांगितलेली असते : देवाचे फूल आधी आपण हुंगायचे नाही. आता कामाकडे पाहा. काम वाहण्याआधी आपण त्याचा वास घेतो का? म्हणजे ते पुरे व्हायच्या आधीच ‘छान झाले’ असे कुणी म्हणेल का, याकडे कान लावून बसतो का?

‘सर्वात्मका’कडेही एकदा पाहा. ज्याची पूजा करायची तो गाभाऱ्यापुरता नाही, सगळ्यांचा आत्मा आहे. म्हणजे तुमच्या कामाचे फूल शेवटी कुणातरी माणसाच्या हातात पडते : वही तपासणाऱ्या बाईंच्या, प्रयोगात तुमच्या जोडीला असलेल्या मैत्रिणीच्या.

एवढे झाले की दिवसासाठी एकच छोटा प्रश्न घेऊन उठा. वरच्या ओवीतून तो असा निघेल : ‘आज मी कोणते काम हुंगून मग वाहिले?’ प्रश्न कागदावर लिहून वहीत किंवा डब्याच्या पिशवीत ठेवा. दुपारी एकदा नजर पडली तरी पुरे. रात्री त्यावर दोन ओळी लिहा, तारखेसह. आठवड्याच्या शेवटी त्या चौदा ओळी वाचल्या की आपले मन पुन्हा पुन्हा कुठे अडते ते दिसते. लिहायची ती घडलेली गोष्ट लिहा, भावना फुगवून नव्हे. ‘प्रयोगवही घाईत पुरी केली, बाईंनी विचारल्यावर वाईट वाटले’ एवढे पुरे. आणि एक विनंती : ओवी आवडली की लगेच सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवू नका. एक दिवस तरी ती तुमच्यातच राहू द्या, मग पाठवा.

रात्री दिवस आठवायला बसलो की फक्त चुका दिसतात. साहेबांसमोर गप्प बसलो, बायकोवर चिडलो, आईला फोन केला नाही. झोप उडते. हेच का आत्मपरीक्षण? (कोल्हापूर)

नाही. तुम्ही आरोपी आणि फिर्यादी दोन्ही झालात आणि देवाला बोलावलेच नाही. क्रम बदलला की बराच फरक पडतो.

अंथरुणात पडून हे करू नका. जेवणाआधी, बसून, पाच मिनिटे. पहिली दोन मिनिटे फक्त मिळालेल्याची. मोघम ‘सगळे चांगले आहे’ नको, नेमके हवे : पावसात कुणी छत्री धरली, आमटी मनासारखी झाली, वसुलीचा अवघड फोन निभावला. तीन तरी आठवल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग सकाळपासून क्रमाने दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या, जागा बदलत : घर, रस्ता, कचेरी, घर. जिथे मन आखडले किंवा मोकळे झाले तिथे थांबा. मग चूक एकच घ्या, आज सगळ्यात जास्त टोचते ती. तिच्यासाठी क्षमा मागा आणि उद्याची दुरुस्ती एका वाक्यात ठरवा, वेळेसह : ‘उद्या डबा खाल्ल्यावर आईला फोन.’ ‘यापुढे चिडणार नाही’ ही दुरुस्ती नव्हे, ती फार मोठी आहे आणि परवाच मोडते. शेवटी ‘आता हा दिवस तुझा’ म्हणून नमस्कार, आणि उठायचे.

वसईच्या एका वाचकांनी याच संदर्भात लिहिले आहे की त्यांच्याकडे चर्चमध्ये असेच शिकवतात. बरोबर आहे. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या : आधी आभार, मग आपले दोष दिसावेत म्हणून कृपा मागणे, मग दिवसाचा तासातासाने आढावा, मग क्षमा, मग सुधारणेचा निश्चय. त्यांच्या क्रमातही आभार पहिले आहेत, हे लक्षात घ्या. जिथे जिथे लोकांनी हे वर्षानुवर्षे केले तिथे त्यांना हेच कळले, की आधी मिळालेले पाहिले तरच माणूस आपली चूक न घाबरता पाहू शकतो.

हे करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, स्वतःविषयी तिटकारा वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. नेम सोडायची गरज नाही, पण त्याच्यावर औषधाचे ओझे टाकू नका.

पाळीच्या दिवसांत हरिपाठ म्हणावा का? घरात दोन मते आहेत. (नांदेड)

म्हणावा. आमचे मत यात स्पष्ट आहे. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत तीन आठवडे हजारो बायका चालतात आणि रोज हरिपाठ म्हणतात. त्यांतल्या कितीजणींचे ते दिवस वाटेतच येत असतील. नामाला विटाळ नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. उन्हाळ्यात साडेआठलाही उजेड असतो, हिवाळ्यात साडेचारला अंधार. दिवेलागण कधी धरायची? आणि एकादशी भारतातल्या कॅलेंडरप्रमाणे का? (अमेरिका)

दिवेलागण सूर्यावर सोडू नका, सगळे घरी आल्यावर दिवा लावा, तीच तुमची दिवेलागण. एकादशी मात्र तुमच्या गावच्या पंचांगाप्रमाणे पाहा. व्रताची तिथी स्थानिक सूर्योदयाला धरून ठरते, त्यामुळे तिथली एकादशी आणि पुण्यातली एकादशी यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर पसायदानापासून सुरुवात करा. नऊ ओव्या आहेत, दर महिन्याला एक. पाठ करून घेण्याआधी त्यांना विचारा की ‘दुरितांचे तिमिर जावो’ म्हणजे आज शाळेत कुणासाठी काय मागशील. मुले नेमके उत्तर देतात.

सहा वर्षे नेम चालू आहे. प्रकाश दिसला नाही, नाद ऐकू आला नाही. देव आहे हे कळायचे कसे? (नागपूर)

सहा वर्षे न मोडता नेम चालला, याला हरिपाठाने ‘नित्यनेम नामी ते प्राणी दुर्लभ’ म्हटले आहे. हे आधी मानून घ्या.

आता तो कुठे शोधायचा ते पाहू. पहिल्या अभंगाचा शेवट ‘द्वारकेचा राणा पांडवा घरी’ असा आहे. धर्मराजाच्या यज्ञात त्या राण्याने कोणते काम घेतले, हे आपली कीर्तने सांगत आली आहेत : आल्यागेल्यांचे पाय धुणे आणि उष्ट्या पत्रावळी काढणे. प्रकाशाची वाट पाहताना आपण पाहतो उंच, आणि तो पत्रावळी काढत असतो. घरात पंगतीनंतर कोण उठून ताटे गोळा करतो, आजारी माणसाचे कोण करतो, तिथे पाहायला लागा.

दुसरी खूण माणसांची. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात ओवी आहे : ‘जे जे भेटे भूत, ते ते मानिजे भगवंत.’ ही साधायला सर्वांत अवघड. एका आठवड्याला एकच माणूस घ्या, जो आवडत नाही असा. तो समोर येण्याआधी, जिन्यावर पावले वाजली की, मनात एकदा नमस्कार करा. बोलताना त्याचे वाक्य पुरे होऊ द्या, एवढेच. यात एक चूक हमखास होते : भगवंत मानायचा म्हणून अन्याय सोसला जातो. तसे नाही. कुणी पैसे बुडवत असेल, हात उगारत असेल, तर त्याला अडवायचे, तक्रार करायची. मनात द्वेष साठू द्यायचा नाही, एवढाच ओवीचा आग्रह आहे.

आणि अनुभवाविषयी घरच्यांनाच विचारा. सहा वर्षांपूर्वी तुम्ही रागावल्यावर घर किती वेळ गप्प असे आणि आता किती वेळ असते, हे त्यांना बरोबर ठाऊक असते.

शेतकरी आहे. दिवस रानात जातो, देवळात जाणे होत नाही. आषाढीच्या सुमारास पेरणी असते म्हणून वारीही चुकते. रात्री वीज येते तेव्हा दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावे लागते, मग हरिपाठ राहतो. (माढा तालुका, सोलापूर)

माउली, तुमच्याच तालुक्यात अरण आहे. सावतोबांची, म्हणजे संत सावता माळी यांची, समाधी तिथे आहे, शके १२१७ ची, म्हणजे १२९५ सालची. त्यांनी मळा सोडला नाही आणि ‘कांदा मुळा भाजी अवघी विठाई माझी’ म्हणाले. त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही, पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला येते. वारी चुकल्याची खंत वाटणारच, पण अपराध मानू नका. पेरणीच्या दिवशी पहिली मूठ सोडताना माळ हातात घ्यायची गरज नाही, ‘राम कृष्ण हरी’ म्हणून मूठ सोडा, आणि पेरणीची ओळ संपून वळताना पुन्हा एकदा.

रात्रीच्या पाण्याचे असे करा. पायांत गमबूट आणि हातात बॅटरी हवीच, बांधाच्या कडेला गवतात पाय टाकण्याआधी उजेड पाडा, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका, आणि डोळे मिटून नाम घेऊ नका. पाणी वाफ्यात सोडले की तो भरेपर्यंत पाहत उभे राहण्याखेरीज काम नसते. तेवढ्यात एक-दोन अभंग होतात. मोठ्याने म्हणा, रात्री रानात सोबत होते आणि झोपही येत नाही. मध्येच पाणी फुटले तर अभंग अर्धा सोडून खुशाल फावडे मारा, तेही त्याचेच काम आहे. किती झाले ते मोजायला माळ नको, वाफेच मोजा. सव्वीस-सत्तावीस वाफ्यांचे रान असले तर पहाटेपर्यंत हरिपाठ पुरा झालेला असतो. चालताना वाफ्याकडे नीट पाहा : पाणी कडेच्या खुरट्या रोपालाही तेवढेच जाते, मधल्या जोमदार रोपालाही तेवढेच. वाफा शेवटपर्यंत ओला झाला, कडेची माती काळी पडली, की पाणी पुढच्या वाफ्यात मोडा आणि पुढचा अभंग सुरू करा.